नाटकाची पदवी आणि डॉक्टरकीचा अर्ज

(युवा अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आजचा विषय तुमच्यातूनच आलेला आहे. नावनोंदणी करताना तुमच्याकडून प्रश्न लिहून मागवले होते. त्यातली एक चिठ्ठी अशी: "माझी मामेबहीण अमेरिकेतच वाढली. ती तिथल्या कॉलेजात नाटक हा मुख्य विषय घेऊन शिकते आणि म्हणते, हे झालं की मी मेडिकलला अर्ज करणार. घरात सगळे हसतात. ती थापा मारते आहे का?"

नाही, थापा नाहीत. अमेरिकेत नाटक, नृत्य, संगीत यात पदवी घेतलेली मुलं दरवर्षी मेडिकलला अर्ज करतात आणि त्यातल्या काहींना प्रवेशही मिळतो. पण ही गोष्ट सांगताना निम्मी गाळली जाते, आणि गाळलेली निम्मीच जास्त कामाची आहे. मी दोन्ही सांगणार आहे. तुमच्यापैकी फार थोडे जण कधी तिकडे अर्ज करतील हे मला ठाऊक आहे. तरी हा विषय घ्यावासा वाटला, कारण 'कला घेतली, आता डॉक्टरकीचं दार बंद' हे वाक्य आपल्याला निसर्गनियमासारखं वाटतं. तो नियम माणसांनी केलेला आहे आणि दुसऱ्या एका देशात तो वेगळा केलेला आहे.

आधी रचना समजून घेऊ. आपल्याकडे बारावी, मग नीट, मग साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असं साडेपाच वर्षांचं एमबीबीएस. तिकडे, काही मोजके एकत्रित अभ्यासक्रम सोडले, तर बारावीनंतर मेडिकल नाहीच. आधी कॉलेजची चार वर्षांची पदवी, तिच्यानंतर मेडिकल स्कूलची चार वर्षं, आणि मग तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. पहिल्या चार वर्षांत जो विषय खोलात शिकता तो मेजर. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून मेजर-मायनर हे शब्द आपल्या कॉलेजांतही पोचले आहेत, त्यामुळे फार समजावून सांगायला नको. 'प्री-मेड' हा मात्र तिथे विषय नसतो. मेडिकलला अर्ज करायची तयारी करणारा विद्यार्थी, एवढाच त्याचा अर्थ. मग तो जीवशास्त्र शिकत असो की कथ्थक.

मेडिकल स्कूल कोणताही एक मेजर मागत नाही. ते ठरावीक विषय मागतात. शाळेगणिक यादी थोडी बदलते, पण साधारण अशी: प्रयोगशाळेसह एक वर्ष जीवशास्त्र, एक वर्ष सर्वसाधारण रसायनशास्त्र, एक वर्ष ऑर्गॅनिक, एक वर्ष भौतिकशास्त्र, एक सत्र बायोकेमिस्ट्री, थोडं इंग्रजी, थोडं गणित किंवा संख्याशास्त्र. हल्ली बऱ्याच ठिकाणी मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही घ्या असं सुचवतात. यादी आठवत ठेवू नका. लक्षात ठेवायचं ते एवढंच की नाटकवाल्या मुलीला यातून एकाही विषयाची सूट नाही. जीवशास्त्राच्या मुलाचे हे विषय त्याच्या पदवीतच येऊन जातात. तिला ते पदवीच्या बाहेर, वरचे म्हणून घ्यावे लागतात.

इथे पहिली खरी अडचण येते, आणि ती बुद्धीची नाही, वेळापत्रकाची आहे. ऑर्गॅनिकची प्रयोगशाळा बहुधा दुपारी तीन-चार तास चालते. तालीम संध्याकाळी सुरू होते आणि रात्री दहा-अकरापर्यंत जाते. प्रयोगाच्या आधीच्या आठवड्याला तिकडे 'टेक वीक' म्हणतात. त्या आठवड्यात प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य, कपडे सगळं जुळवायचं असतं आणि माणूस नाट्यगृहातच राहायला गेल्यासारखा होतो. आणि टेक वीक आला की त्याच आठवड्यात केमिस्ट्रीची परीक्षा येते, हा जणू नियमच. दिग्दर्शक म्हणतो तालीम चुकवायची नाही, प्राध्यापक म्हणतात परीक्षा पुढे ढकलणार नाही. दोघांचंही बरोबर असतं.

म्हणून तिकडे कोणत्या प्रकारची पदवी घेतली याला फार महत्त्व येतं. नाटकात किंवा नृत्यात बी.ए. करता येतं किंवा बी.एफ.ए. करता येतं, संगीतात बी.ए. किंवा बॅचलर ऑफ म्युझिक. नावं सारखी वाटतात, पण फरक मोठा आहे. बी.ए.मध्ये कलेबाहेरच्या विषयांना भरपूर जागा असते. बी.एफ.ए. आणि बॅचलर ऑफ म्युझिक या व्यावसायिक कलाकार घडवण्याच्या पदव्या आहेत. त्यात साधारण दोन तृतीयांश अभ्यास त्या कलेचाच असतो. उरलेल्या जागेत चार शास्त्रं प्रयोगशाळेसह कोंबायची म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्ट्या तरी जातात, नाहीतर पाचवं वर्ष तरी. ओहायोतल्या ओबर्लिनसारख्या ठिकाणी कॉलेज आणि संगीत विद्यालय अशा दोन पदव्या मिळून पाच वर्षांत करण्याची सोयच आहे. ज्याला गाणंही पूर्ण शिकायचंय आणि शास्त्रही, त्याने आधीच कबूल केलेलं ते पाचवं वर्ष असतं. मला हा प्रामाणिक मार्ग वाटतो. चार वर्षांत सगळं बसवतो म्हणून दोन्हीकडे कसंबसं तरून जाणारी मुलं मी जास्त पाहिली आहेत.

दुसरी अडचण ओळखीची. अर्जाला शिफारसपत्रं लागतात, आणि त्यातली निदान दोन शास्त्राच्या प्राध्यापकांची असावीत अशी अपेक्षा बहुतेक ठिकाणी असते. नाटकाच्या विभागात वीस-पंचवीस मुलं, दिग्दर्शकाला तुमचा स्वभाव आणि तुमचं रडणंसुद्धा माहीत. केमिस्ट्रीच्या वर्गात दोन-तीनशे जण, तिथे तुम्ही मागच्या रांगेतला एक चेहरा. पत्र लिहिणार कोण? म्हणून अशा मुलांनी प्राध्यापकांच्या भेटीच्या तासाला जाऊन बसायचं असतं, शंका विचारायच्या असतात. आपल्या मुलांना हे फार जड जातं. सरांना जाऊन विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं. तिकडे त्याचा अर्थ उलटा लावतात: विचारायला येतो तो मन लावून शिकतो.

आणि सल्लागार. नाटकाच्या विभागातल्या सल्लागाराला मेडिकलच्या अर्जाची माहिती असेलच असं नाही, ते त्याचं कामही नाही. कॉलेजात आरोग्यक्षेत्रात जाणाऱ्यांसाठी वेगळा सल्लागार असतो. त्याच्याकडे पहिल्याच वर्षी गेलं पाहिजे. तिसऱ्या वर्षी जाऊन "आता काय काय लागेल?" विचारलं, तर उत्तर असतं, "अजून दोन वर्षं."

यानंतर एमकॅट. खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत साधारण साडेसात तासांची ही परीक्षा. गुण ४७२ ते ५२८ अशा चमत्कारिक पट्टीवर मिळतात, आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे ५११-५१२ च्या आसपास असते. चार विभाग आहेत. तीन शास्त्रांचे, त्यातल्या एकात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र येतं. चौथा विभाग निव्वळ वाचनाचा: ९० मिनिटं, ५३ प्रश्न, उतारे तत्त्वज्ञानाचे, कलेचे, इतिहासाचे, आणि बाहेरचं कोणतंही ज्ञान लागत नाही. पुष्कळ शास्त्रवाले इथे अडखळतात. ज्याने संहिता वाचण्यात वर्षं घालवली आहेत, हे पात्र असं का बोलतंय, लेखकाला काय म्हणायचंय, काय लपवायचंय हे शोधण्याची ज्याला सवय आहे, त्याला हा विभाग परका वाटत नाही. पण तो चारातला एक आहे. बाकी तिघांसमोर संहितेचं वाचन चालत नाही.

अर्जात गुणांची सरासरीही दोन प्रकारे काढतात. एक सगळ्या विषयांची आणि एक फक्त जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांची. अभिनयाच्या वर्गात मिळालेल्या उत्तम श्रेणीने पहिली सरासरी छान दिसते. प्रवेश समिती दुसरीकडेही बघते. तिथे कमी पडलात तर पहिली सरासरी झाकण घालायला येत नाही.

आता त्या प्रसिद्ध आकड्याकडे वळतो. तुम्ही इंटरनेटवर पाहिला असेल, कारण संगीताच्या शाळांच्या जाहिरातींत तो अनेक वर्षं फिरतो आहे: संगीतात पदवी घेतलेल्या अर्जदारांपैकी ६६ टक्क्यांना मेडिकलला प्रवेश मिळतो, सगळ्या विषयांत सर्वाधिक! मी या आकड्याला काडीचं महत्त्व देत नाही. किती जणांपैकी ६६ टक्के, कोणत्या वर्षी, कोणत्या कॉलेजांत, हे त्याच्यासोबत कधी येत नाही.

अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, दरवर्षी मेजरप्रमाणे तक्ते प्रसिद्ध करते. ते बघणं बरं. अलीकडच्या वर्षांत दरवर्षी ५० हजारांहून अधिक लोक अर्ज करतात आणि २२-२३ हजारांच्या आसपास प्रवेश घेतात. अर्जदारांत निम्म्याहून जास्त जीवशास्त्राचे. मानव्यविद्यांचे, म्हणजे साहित्य, तत्त्वज्ञान वगैरे शिकलेले, शेकडा तीन-चार. आणि त्यांच्यातलं प्रवेशाचं प्रमाण जीवशास्त्रवाल्यांपेक्षा कमी नाही, बहुधा थोडं जास्तच असतं.

यावरून 'कला घ्या, प्रवेश सोपा होतो' असा निष्कर्ष काढायचा का? थांबा. नाटक शिकता शिकता ऑर्गॅनिक पूर्ण केलेली, टेक वीकमध्ये परीक्षा दिलेली, एमकॅटला बसलेली मुलगी अर्जापर्यंत पोचते तेव्हा वाटेत किती गळालेले असतात? ज्यांना जमलं नाही त्यांनी अर्जच केला नाही, आणि ज्यांनी अर्ज केला नाही ते तक्त्यात येत नाहीत. जीवशास्त्राच्या वर्गात मात्र "सगळे करतायत म्हणून मीही" असे अर्ज करणारे पुष्कळ असतात. म्हणजे तक्ता सांगतो की टिकून राहिलेले कलावाले चांगले असतात. कलेने त्यांना चांगलं केलं, असं तक्ता सांगत नाही. हा फरक मी मुद्दाम ताणून सांगतोय, कारण आपल्या समाजाविषयीचे आकडेसुद्धा लोक असेच अर्धवट वापरतात. 'किती जणांपैकी?' आणि 'मोजणीतून सुटले कोण?' हे दोन प्रश्न प्रत्येक टक्केवारीला विचारायची सवय लावून घ्या.

मग शास्त्राचा एवढा भार खरंच लागतो का? हा प्रश्न तिकडेही विचारला गेला, आणि न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७ साली त्याचा प्रयोग करून पाहिला. कॉलेजात साहित्य, समाजशास्त्र, कला शिकणाऱ्या मुलांना त्यांनी पदवी पूर्ण व्हायच्या आधीच प्रवेश निश्चित करून दिला. एमकॅट नाही, ऑर्गॅनिकचं पूर्ण वर्ष नाही, भौतिकशास्त्राचं पूर्ण वर्ष नाही. उन्हाळ्यात एक छोटा वर्ग घेऊन त्यातली आवश्यक तत्त्वं शिकवली. अट एवढीच की तुमचा विषय मन लावून पुरा करा.

२०१० साली त्यांनी निकाल छापले. या वाटेने आलेल्या ८५ जणांची तुलना नेहमीच्या वाटेने आलेल्या सहाशेहून अधिक जणांशी केली होती. परवान्याच्या परीक्षेतल्या पहिल्या टप्प्यात, जिथे मूलभूत शास्त्रं विचारतात, हे थोडे मागे होते. वैयक्तिक कारणासाठी मध्येच सुट्टी घेण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. पण रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष कामात ते कुठेही कमी पडले नाहीत. मानसोपचार आणि प्राथमिक आरोग्यसेवेकडे त्यांचा कल थोडा अधिक दिसला. पुढे २०१३ मध्ये त्या शाळेने योजना रुंदावून सगळ्याच विषयांच्या मुलांना खुली केली. मला या अभ्यासात आवडतं ते हे, की त्यांनी मागे पडल्याचं लपवलं नाही. 'कलावाले श्रेष्ठ' असं त्यातून निघत नाही. एवढंच निघतं की चांगला डॉक्टर होण्याची एकच वाट असते, हे खरं नाही.

बाकीच्यांसाठी आणखी एक रस्ता आहे: आधी निवांत नाटकाची पदवी घ्या, हवं तर दोन-चार वर्षं नाटक करा, आणि मग शास्त्र शिका. याला 'पोस्ट-बॅक' म्हणतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असा अभ्यासक्रम १९५५ पासून चालू आहे, पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉरमध्ये १९७२ पासून. सगळी शास्त्रं एक ते दोन वर्षांत. वर्गात नर्तक असतात, शिक्षक असतात, वकील असतात. खर्च प्रचंड, कित्येक हजार डॉलर. पैसे नसलेले लोक तेच विषय सरकारी विद्यापीठात एकेक करून घेतात, दिवसा नोकरी करून. वेळ जास्त जातो, पण जमतं.

आता मूळ मुद्दा. नाटकाचा डॉक्टरकीला खरा उपयोग काय? इथे भावनेच्या भरात फार बोललं जातं. 'रंगभूमीने मला माणूस वाचायला शिकवलं' हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचलंय की आता ते दिसलं की पुढची ओळ मी मनातच म्हणतो. अर्जातल्या निवेदनाला ५३०० अक्षरांची मर्यादा आहे, अक्षरांची, शब्दांची नव्हे. त्यात असलं वाक्य परवडत नाही. नाटक केलं म्हणून माणूस कनवाळू होतो, हेही खरं नाही. रंगमंचावर हुंदके देणारा आणि तालमीत चहा देणाऱ्या पोऱ्यावर खेकसणारा नट तुम्ही पाहिला नसेल तर मी पाहिला आहे.

पण एक ठोस उपयोग आहे, आणि त्याचा इतिहासही आहे. १९६३ साली कॅलिफोर्नियात हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने एका धडधाकट व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवली: लक्षणं, चालण्याची ढब, उत्तरं देण्याची पद्धत. मग विद्यार्थ्यांना सांगितलं, हिला तपासा. सहकाऱ्यांनी सुरुवातीला थट्टा केली. आज जगभरच्या मेडिकल कॉलेजांत ही पद्धत आहे. अमेरिकेत तर २००४ पासून कोविडपर्यंत डॉक्टरांच्या परवान्याच्या परीक्षेतच असे अभिनयाने उभे केलेले रुग्ण असायचे. विद्यार्थी खोलीत येतो, 'रुग्ण' छाती धरून बसलेला असतो, तो सगळं सांगत नाही, विचारलं तरच सांगतो. तपासणी संपली की भूमिकेतून बाहेर येऊन तो सांगतो: तुम्ही माझ्याकडे न बघता कागदावर लिहीत होतात, तेव्हा मी दारूबद्दल सांगायचं टाळलं.

हे काम नट करतात, त्याचे तासावर पैसे मिळतात. नाटक शिकणारी आणि डॉक्टर होऊ पाहणारी मुलगी हे काम करते तेव्हा तिला टेबलाच्या त्या बाजूने दिसतं की डॉक्टर कसा वाटतो. एकाच दिवशी पंधरा भावी डॉक्टर एकाच 'रुग्णा'शी पंधरा तऱ्हांनी बोलताना ती पाहते. हा अनुभव जीवशास्त्राच्या कुठल्याही वर्गात मिळत नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना उत्स्फूर्त नाट्याचे खेळ शिकवतात, कारण रुग्ण संहितेप्रमाणे बोलत नाही.

आणि तालमीची शिस्त. चार लोकांसमोर चुकणं, सगळ्यांसमोर टीका ऐकणं, राग न धरता तीच जागा पुन्हा करणं. वॉर्डमध्ये राउंडला हेच होतं. पहिल्या नंबरात वाढलेली मुलं तिथे कोसळतात. तालमीत वाढलेल्यांना ते नवं नसतं.

हे सगळं मान्य. तरी समिती विचारतेच, प्रत्यक्ष रुग्णांजवळ किती वेळ घालवला? दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून, डॉक्टरच्या मागे बसून, वृद्धाश्रमात. नाटक त्याची जागा घेत नाही.

आता इकडे येऊ. आपल्या महाराष्ट्रात नाटक आणि डॉक्टरकीचं नातं काही कमी नाही, फक्त क्रम उलटा आहे. जब्बार पटेल घ्या. पंढरपूरचा जन्म, पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी, मग दौंडला बालरोगतज्ज्ञ. आणि त्याच वर्षांत १९७२चं 'घाशीराम कोतवाल'. पुढे 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा', आणि बाबासाहेबांवरचा चित्रपट. 'सामना'त श्रीराम लागू आहेत, ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. पुण्यात आणि आफ्रिकेत टांझानियात काम केलेले; १९६९ साली दवाखाना सोडून पूर्णवेळ नट झाले. मोहन आगाशे आहेत, ते मानसोपचारतज्ज्ञ. एका सिनेमात दिग्दर्शक डॉक्टर आणि दोन नट डॉक्टर! ही सगळी मंडळी आधी डॉक्टर झाली. नाटक त्यांनी हौस म्हणून धरलं आणि ते मोठं झालं. आपल्या घरातली अम्मी म्हणते ना, "आधी डॉक्टर हो, मग काय नाटकं करायची ती कर", तेच त्यांनी केलं. अमेरिकेतही हा सल्ला अनोळखी नाही. मे जेमिसन, अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, नृत्य आणि वैद्यक यांच्यात अडकली होती. ती डॉक्टर झाली, नाच सोडला नाही, आणि १९९२ साली यानातून जाताना एका नृत्यसंस्थेचं पोस्टर सोबत घेऊन गेली.

आपल्याकडे मात्र उलट क्रम जवळजवळ अशक्य करून ठेवला आहे. अकरावीला, सोळाव्या वर्षी, कला की विज्ञान हा फॉर्म भरला की संपलं. पुण्याच्या ललित कला केंद्रात नाटक शिकणारी मुलगी विसाव्या वर्षी म्हणाली, मला डॉक्टर व्हायचंय, तर? कागदावर आता थोडी फट आहे. नीटला वयाची वरची मर्यादा होती, ती २०२२ मध्ये काढली. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जाहीर केलं की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून लागणारे विषय अतिरिक्त म्हणून पूर्ण केले तरी नीटला बसता येईल. म्हणजे दार कायद्याने उघडं आहे. पण आत गेल्यावर लाखो मुलं रांगेत आहेत, दोन-दोन वर्षं क्लासला बसलेली, आणि तिथे फक्त नीटचा गुण बोलतो. तिने चार वर्षं आवाजावर काय काम केलं हे विचारणारा रकाना त्या अर्जात नाही. गंमत म्हणजे २०१९पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात संवादकौशल्य आणि वृत्ती यांचा वेगळा भाग आहे, आणि त्यात भूमिका वठवून दाखवायची असते. प्रवेश देताना जे विचारायचं नाही, ते आत आल्यावर शिकवायचं.

अमेरिकेची वाट मात्र सोन्याची आहे असं समजू नका. एकतर तिकडच्या बहुतेक मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत. जी घेतात त्यातल्या काही जणी चारही वर्षांची फी आधी खात्यात जमा करायला सांगतात. इथून बी.ए. करून तिकडे अर्ज करणं हे जवळजवळ विसराच. तिथल्या नागरिकांनाही कर्ज काढावं लागतं. कर्ज काढणाऱ्यांच्या डोक्यावर शिकून बाहेर पडताना साधारण दोन लाख डॉलर असतात. आणि वय. चार अधिक चार अधिक रेसिडेन्सी, मध्ये पोस्ट-बॅक, म्हणजे तिशी सहज ओलांडते. हसणाऱ्या घरातल्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोचतंय, तिथे 'पोट कधी भरणार' हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मुलींच्या बाबतीत त्यात लग्नाचं वय मिसळलं की हिशेब आणखी चिडका होतो. त्याला उत्तर भावनेने देता येत नाही, वेळापत्रकाने देता येतं: कोणत्या वर्षी कोणता विषय, किती पैसे, कधीपर्यंत, नाही जमलं तर काय. हा कागद अब्बांसमोर ठेवला तर निदान भांडण मुद्द्यावर होतं.

चिठ्ठीतल्या मामेबहिणीने तोच कागद केलाय का, हे तिला विचारा. बी.ए. आहे की बी.एफ.ए.? रसायनशास्त्राचं पहिलं वर्ष झालं का? सल्लागाराला भेटली का? तिन्हीला "हो" असेल तर हसणं थांबवा.

आणि इथे बसलेल्यांसाठी. येत्या जूनमध्ये ज्यांची भावंडं अकरावीला जातील, त्यांना माझं सांगणं साधं आहे. डॉक्टर व्हायची शक्यता दहा टक्के जरी मनात असेल, तर विज्ञान घ्या आणि जीवशास्त्र सोडू नका. एकांकिका कुठल्याही शाखेतून करता येते, नीट येत नाही. नाटक शिकायला तिशीत जाता येतं, नीटचा पाया तिशीत घालणं महाकठीण. हा सल्ला मला स्वतःला आवडत नाही, पण आज आपल्याकडे रचना अशी आहे. ती बदलायची असेल तर मागणी कशाची करायची, हे आपल्याला चर्चेत ठरवता येईल. मला वाटतं, पदवीधरांसाठी एमबीबीएसच्या थोड्या का होईना राखून ठेवलेल्या जागा, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. तुम्हाला पटतं का, सांगा. जेवणाला अजून वीस मिनिटं आहेत.